चावरा कुत्रा नेमका कुणाला दाखवायचा?

प्रश्न : आमचा कुत्रा चार वर्षांचा आहे. आई गावठी, बाप लॅब्रॅडोर. दिवसा खळ्यात (अंगणात) साखळीला असतो, रात्री रानडुकरांसाठी बागेत मोकळा सोडतो. गेल्या वर्षभरात त्याचा स्वभाव बदलला. आधी मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या मुलाला चावला, गेल्या महिन्यात शेजारच्या काकांना. काका रोजचेच, येता-जाता त्याच्या डोक्यावरून हात फिरवणारे. त्यांना टाके पडले. गावात कोणी म्हणतं खच्ची करा, कोणी म्हणतं कोल्हापूरला दोन महिने ट्रेनिंगला ठेवा, कोणी म्हणतं बंदरावर नेऊन सोडा. गणपतीत चाकरमानी येणार, घरात वीसेक माणसं असतील. जायचं कुणाकडे? (एक वाचक, ता. राजापूर)

उत्तर : आधी पशुवैद्यकाकडे, मग वर्तनतज्ज्ञाकडे. ट्रेनरकडे सगळ्यात शेवटी, तेही गरज उरली तर. बहुतेक घरांतून नेमके उलट्या क्रमाने फोन जातात. ट्रेनर ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ शिकवतो. तुमच्या कुत्र्याला ‘बस’ येत नाही म्हणून काकांना टाके पडलेले नाहीत.

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा. स्वभाव वर्षभरातच बदलला, आणि दुसऱ्यांदा चावला तो ओळखीच्या माणसाला, डोक्यावर हात येताना. तीन वर्षं बरा वागलेला कुत्रा असा बदलला की पहिला संशय दुखण्याचा. त्यात लॅब्रॅडोरचं रक्त, म्हणजे कान आणि खुबे आधी तपासायचे. पावसाळ्यातल्या दमट हवेत लोंबत्या कानात बुरशी धरते, तपकिरी मळ साचतो आणि आंबूस वास दोन फुटांवरूनही येतो. असा कान दुखत असला की डोक्याकडे येणारा हात कितीही मायेचा असो, नको वाटतो. (कान स्वतः दाबून बघू नका. ज्याने टाके पाडले त्याचा कान डॉक्टरच बघतील.) खुब्यांसाठी फोनवर चित्रण करा : सकाळी उठताना आधी पुढचे पाय ताणून मग मागचा भाग ओढतो का, पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलतो का, ओटीची पायरी चढताना थबकतो का. साखळीवरचा कुत्रा साखळी चावत राहतो आणि सुळे मागच्या बाजूने झिजून मोडतात. तेही तोंड उघडल्याशिवाय कळत नाही.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाणार असाल तर तिथे पदवीधर पशुवैद्यक कोणत्या दिवशी असतात हे विचारून जा. पदविकाधारक पर्यवेक्षक गुराढोरांचं नेहमीचं काम उत्तम करतात, पण हे निदान आणि पुढची मनावर काम करणारी औषधं नोंदणीकृत पदवीधर पशुवैद्यकाचंच काम. मागायचं ते एवढं : कान, दात, पाठ, खुबे आणि गुडघे यांची तपासणी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), गोचीड तापासाठी रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरून तपासलेला थेंब), आणि यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या. शेवटच्या दोन आता कराव्यात, कारण पुढे गोळ्या सुरू करायच्या झाल्या तर डॉक्टरांना त्या लागतातच. खुब्यांच्या एक्स-रेसाठी बहुधा भूल द्यावी लागते, म्हणून जवळ सोय नसेल तर एकाच फेरीत सगळं उरका. शिरवळच्या किंवा मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात ते होतं. तिकडे जाताना गाडी करा. रेल्वेत स्लीपरमध्ये कुत्रा चालत नाही, आणि घाबरट कुत्र्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत सात-आठ तास घातलात तर परळला पोचेपर्यंत तो कोणालाच हात लावू देणार नाही.

दवाखान्यात नेण्याआधी मझलची, म्हणजे चावू नये म्हणून तोंडावर घालायच्या मुसक्याची, सवय लावा. जाळीचा, पिंजऱ्यासारखा घ्या. कापडी नळीसारखा घेऊ नका, त्यात तोंड उघडत नाही, धाप टाकता येत नाही, आणि आपल्याकडच्या दमट उकाड्यात कुत्रा धाप टाकूनच अंग थंड करतो. नाकाच्या टोकापासून डोळ्यांच्या जरा खालपर्यंत लांबी मोजा, मझल डोळ्यांना टेकता कामा नये. उंची तोंड उघडं धरून मोजायची. पहिले तीन दिवस मझलच्या तळाशी उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे टाकून नुसता पुढे धरा, नाक त्याने आपण होऊन आत घालायचं. मग पट्टा न लावता दोन सेकंद, पाच सेकंद, दहा. पट्टा दुसऱ्या आठवड्यात. पंजाने ओरबाडायला लागला तर तुम्ही घाई केलीत, दोन दिवस मागे जा. सुकट वापरणार असाल तर भिजवून, उकळून, मीठ काढून.

वर्तनतज्ज्ञ जिल्ह्यात मिळेलच असं नाही, आणि त्याने फारसं अडत नाही. परक्या माणसांना बिचकणाऱ्या कुत्र्यासाठी व्हिडिओ कॉल उलट बरा, कारण तज्ज्ञ स्वतः खळ्यात उभा राहिला की कुत्रा त्यालाच भुंकत बसतो आणि तासभर दुसरं काही दिसत नाही. (रेंजसाठी गडग्यावर, म्हणजे दगडी आवारभिंतीवर, चढावं लागत असेल तर आधी चित्रण करून पाठवा.) पहिली बैठक तास-दीड तासाची असते आणि बहुतेक वेळ तुम्हीच बोलता. तयारी म्हणून दोन आठवड्यांची वही ठेवा : तारीख, वेळ, कोण आलं, किती अंतरावर होतं, कुत्रा बांधलेला होता की मोकळा, त्याच्या आधीच्या मिनिटाला काय चाललं होतं, त्याने नेमकं काय केलं, आणि थांबला कशाने. ‘अंगावर गेला’ लिहू नका. कान मागे होते की पुढे, शेपूट पायात होती की ताठ, गुरगुरला की थेट गेला, हे लिहा. दोन्ही चाव्यांचंही तसंच. इयन डनबार या पशुवैद्यकाने चाव्यांची सहा पायऱ्यांची पट्टी आखली आहे. एकदाच चावून एक ते चार खड्डे, खोली सुळ्याच्या निम्म्याहून कमी, ही तिसरी पायरी. निम्म्याहून खोल किंवा धरून झटकलं तर चौथी. चौथीपासून पुढचं काम फार अवघड होतं, म्हणून काकांच्या जखमेचा फोटो असेल तर तो पाठवाच.

उपचाराचा गाभा म्हणजे अंतर. तुमचा कुत्रा माणूस २० मीटरवर दिसला की बघतो आणि १२ मीटरवर भुंकतो असं धरू. काम २० वर करायचं : माणूस दिसला की चिकन, दिसेनासा झाला की चिकन बंद. दिवसातून पाच मिनिटं. अंतर पुढच्या टप्प्याला मीटरभरच कमी करायचं, तेही सलग तीन-चार दिवस अंग सैल राहिलं तर. बहुतेकांचं इथेच फसतं. चार दिवस बरे गेले की पाहुण्याला सांगतात, ‘ये, आता काही करत नाही.’ गरज वाटली तर पशुवैद्यक फ्लुओक्सेटिनसारखं औषध जोडतात. ते झोपेचं नाही, परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, पहिल्या दिवसांत भूक कमी होऊ शकते, आणि आपल्या मनाने ते एकदम बंद करायचं नसतं.

आता गावच्या सल्ल्यांचं. खच्चीकरणाने भटकणं आणि जागोजागी मुतणं कमी होतं, भीतीतून किंवा दुखण्यातून चावणं त्याने जात नाही. कोल्हापूरला दोन महिने ठेवलात तर तिथल्या अंगणात, तिथल्या माणसासमोर तो शिकेल. तुमचं खळं, तुमची साखळी आणि तुमचे काका तिथे नसतील. बंदरावर सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं, आणि कुत्रा तिथेही चावेलच, फक्त दुसऱ्या कुणाला. पाळीव जनावराबाबत हलगर्जी केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, हेही लक्षात असू द्या.

साखळीही आजच बदला. बांधलेल्या कुत्र्याला पळून जाता येत नाही, म्हणून तो पुढे येतो. पडवीचा एक कोपरा जाळीच्या दाराने बंद करा, वाटेपासून दूर, बेड्याकडे (आवाराच्या फाटकाकडे) बघता येणार नाही असा. गडगा तीन-चार फुटांचा असतो, त्याला कुंपण समजू नका. या गणपतीपर्यंत कुत्रा बरा होणार नाही. त्या दिवसांत त्याला मागच्या खोलीत कडी-कुलूप लावून ठेवा, किल्ली एकाच माणसाकडे, आणि पाहुण्यांच्या मुलांना ते दार माहीतच नसलेलं बरं.

प्रश्न : परतीच्या पावसात वीज कडाडली की आमची कुत्री थरथरते, लाळ गाळते, गेल्या वर्षी दार कुरतडून नखं मोडली. औषधाच्या दुकानातून झोपेची गोळी दिली तर चालेल का? जवळ घेतलं तर भीती वाढते म्हणतात, खरं का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : जवळ घ्या. धीर दिल्याने भीती वाढत नाही. दुकानातून गोळी मात्र नको, माणसांची तर नकोच. जुन्या सवयीने काही ठिकाणी एसीप्रोमाझिन हे गुंगीचं औषध एकटंच दिलं जातं. त्याने अंग लुळं पडतं आणि कुत्री शांत दिसते, पण आतली भीती जशीच्या तशी असते, म्हणून ‘एकटं हेच देताय का’ हे विचारा. पशुवैद्यक ट्रॅझोडोन किंवा गॅबापेन्टिन लिहून देऊ शकतात. ती साधारण दीड-दोन तास आधी पोटात जावी लागतात. पहिला डोस आकाश निरभ्र असताना देऊन बघा, किती झोकांडते ते घरी कळू दे. विजेचा मोसम मेच्या अखेरीस एकदा आणि सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरात एकदा, बहुधा दुपारनंतर. त्यामुळे हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा सकाळी बघून दुपारची गोळी ठरवता येते. विजेचा इशारा देणाऱ्या ‘दामिनी’ अॅपवर वीज जवळ दिसेपर्यंत गोळीला उशीर झालेला असतो, ते खिडक्या लावण्यापुरतं.

पत्र्याखालची खोली नको, पत्रा आवाज वाढवतो. माजघर किंवा भिंती जाड असलेली आतली खोली द्या, पंखा फुल, पडदे ओढलेले, दार उघडं. कोंडली की नखं मोडते. गडगडाटाचं रेकॉर्डिंग ऐकवून सवय करायची तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात, जेवणासोबत पाच मिनिटं. पूर्ण फरक पडेलच असं नाही. कारण विजेचा लखलखाट आणि भिंतीचा थरकाप स्पीकरमधून येत नाही. शिमग्याला अंगणात पालखी नि ढोल येतो तेव्हाही हीच गोळी आणि हीच खोली चालते, फक्त पालखीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा.

प्रश्न : आमचं पर्यटकांसाठी घर आहे. पाहुण्यांवर भुंकतो म्हणून ट्रेनर आणला. त्याने करंट देणारा पट्टा लावला, दोन आठवड्यांत भुंकणं बंद. हमी दिली आहे. पण आता तो कोपऱ्यात बसून एकटक बघत राहतो. (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : पट्टा आजच काढा. पाहुणा दिसला की मानेला झटका, हे चार-आठ वेळा झालं की कुत्र्याच्या लेखी पाहुणा म्हणजे झटका. भुंकणं ही त्याची सूचना होती आणि तीच तुम्ही बंद केलीत. ओठ घट्ट, अंग ताठ, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणारा असा एकटक बघणारा कुत्रा भुंकणाऱ्यापेक्षा धोक्याचा, आणि पाहुण्यांना ते वाचता येत नाही. तूर्त त्याला पर्यटकांच्या वाटेतून पूर्ण बाजूला ठेवा.

आपल्याकडे ट्रेनर म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही, त्यामुळे पारख तुम्हालाच करायची आहे. फोनवर दोनच प्रश्न विचारा : कुत्र्याचं बरोबर आलं तर तुम्ही काय करता, आणि चुकलं तर काय करता? दुसऱ्याच्या उत्तरात झटका, काटेरी पट्टा, उताणा पाडून दाबून धरणं, ‘मालक कोण ते दाखवणं’ आलं की फोन ठेवा. पशुवैद्यकाचा कागद न मागता काम सुरू करणारा नको, घरच्यांना बाहेर बसवणारा नको, आणि हमी देणारा तर नकोच. माणसाच्या वागण्याची कोणी हमी देत नाही, कुत्र्याची कशी देणार?

प्रश्न : बांगड्याची डोकी टाकली की आमचा कुत्रा कोणाला जवळ येऊ देत नाही. परवा तीन वर्षांच्या नातवावर दात दाखवले. सून म्हणते घालवा, मुलगा म्हणतो ताटातून हिसकावून घ्यायची सवय लावा म्हणजे सुधारेल. (एक आजी, हर्णै)

उत्तर : आजी, हिसकावू नका. हिसकावल्याने त्याचा संशय खरा ठरतो आणि पुढच्या वेळी तो आधी चावतो. मुलाला हे स्पष्ट सांगा. घरात लहान मूल आहे म्हणून वर सांगितलेली पशुवैद्यकाची तपासणी आणि तज्ज्ञाशी बोलणं या आठवड्यातच करा.

तोवर खाणं बंद दाराआड, मागच्या पडवीत. भांडं टाकून निघून यायचं, आणि तो बाहेर गेल्यावर दार लावून मग भांडं उचलायचं. मासळीची डोकी अंगणात टाकणं पूर्ण बंद, कारण काटा-कल्ला दगडाखाली राहतो आणि तासाभराने नातू तिथेच खेळायला बसतो. काही पळवलंच तर हात न लावता चिकनचे सात-आठ तुकडे लांब, एकामागोमाग एक टाकत न्या, तो उठून गेला की दुसऱ्याने वस्तू उचलायची. नातू आणि कुत्रा एका खोलीत असतील तेव्हा मोठं माणूस त्यांच्या मध्ये बसलेलं हवं. चुलीपुढून ‘लक्ष आहे माझं’ म्हणणारं नको.