क्लास सोडू नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. संध्याकाळच्या गाडीत तो माणूस रोज तुझ्या मागे येऊन उभा राहतो, गर्दीचा फायदा घेतो. घरी कळलं तर क्लास बंद होईल, म्हणून तू आपण होऊनच क्लास सोडायला निघालीस. वाचून पोटात तुटलं. बाकीचं नंतर वाच, पण क्लास सोडू नकोस.

मी कॉलेजला जायला लागले तेव्हा आईने पहिल्याच दिवशी पदराला आतून एक मोठी सेफ्टी पिन अडकवून दिली. कशाला, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढे एकदा खचाखच भरलेल्या बसमध्ये ती काढायची वेळ आली. हात इतका थरथरत होता की आधी माझ्याच अंगठ्यात रुतली. मग मागच्या माणसाच्या हाताला टोचली. तो ओरडला. कंडक्टरने विचारलं, "काय झालं?" मी मान खाली घातली आणि पुढच्या थांब्यावर उतरून गेले. तो मात्र त्याच बसने पुढे गेला. उरलेली वाट मी पायी तुडवली, अंगठा पदरात गुंडाळून.

बऱ्याच वर्षांनी लिओटी ब्लेकर या अमेरिकन मुलीची हकिकत वाचनात आली, तेव्हा तो अंगठा आठवला. ती कॅन्ससची. १९०३ साली न्यूयॉर्कला आली होती आणि फिफ्थ अव्हेन्यूवर उतारूंच्या घोडागाडीतून चालली होती. शेजारी एक वयस्क, चांगल्या कपड्यांतला गृहस्थ. गाडीला हिसका बसला की तो थोडा सरकायचा, शेवटी अगदी खेटून बसला आणि त्याने तिच्या पाठीमागून हात टाकला. त्या काळी तिकडच्या बायका मोठाल्या हॅट घालत आणि ती केसांवर बसावी म्हणून लांबलचक पिन खोचत. लिओटीची पिन जवळजवळ फूटभर होती. तिने ती उपसली आणि त्याच्या दंडात खुपसली. तो किंचाळला आणि पुढच्या थांब्यावर उतरला.

तो उतरला, बघ. तिने आपला प्रवास पुरा केला, वर झालेली गोष्ट वर्तमानपत्राला सांगितली. त्या हकिकतीत मला पिनेपेक्षा हे मोठं वाटतं.

रस्त्यात बायकांना त्रास देणाऱ्या अशा पुरुषांना तिकडे 'मॅशर' म्हणत. त्यांना पिन टोचणाऱ्या बायकांचं आधी कौतुक झालं. पण मग रोख पिनेवरच वळला. गर्दीच्या ट्राममध्ये चुकून कुणाला पिन लागत असे, हे खरं आहे. १९१० च्या मार्चमध्ये शिकागोच्या नगर परिषदेत ठराव आला, पिन ९ इंचांहून लांब नको, म्हणजे आपली एक वीत. तिथे नॅन डेव्हिस नावाची बाई उठून म्हणाली, आमच्या पिना काढून घ्यायच्या असतील तर आधी रस्ते सुरक्षित करा. लोकांनी तिला दाद दिली आणि ठराव ६८ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला. मापं घेतली ती पिनेची. सिडनीत तर अशाच नियमापायी ६० बायकांनी दंड भरण्याऐवजी तुरुंग पत्करला.

आपल्याकडचं उदाहरण तुला पाठच आहे. १८४८ साली भिडेवाड्यात शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई शिकवायला जाऊ लागल्या, तेव्हा वाटेत अंगावर चिखल आणि शेण यायचं. त्या पिशवीत दुसरं लुगडं ठेवत. शाळेत पोचलं की ते नेसून शिकवायचं. मुलांना आपण ही गोष्ट धीराची म्हणून सांगतो आणि ती आहेच. पण मला त्या पिशवीचं ओझंही दिसतं. शेण टाकणारे रिकाम्या हातांनी घरी जात होते. लुगडं धुवायचं कुणी?

तुझ्या पिशवीतलं ओझं थोडं दुसऱ्यांच्या खांद्यावर टाकू. पिन हवी तर ठेव. पण सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१२ रोजी सगळ्या राज्यांना दिलेला आदेश माहीत करून घे. प्रवासी गाडीत असा प्रकार घडला आणि त्या बाईने सांगितलं, तर चालक-वाहकाने गाडी जवळच्या पोलीस ठाण्यात न्यायची आणि पोलिसांना खबर द्यायची. तसं केलं नाही तर गाडीचा परवाना रद्द होऊ शकतो. म्हणजे "काय झालं?" एवढं विचारून कंडक्टरची सुटका नाही. हे मला त्या वयात माहीत असतं तर!

आणखी एक. तक्रारीत 'छेड काढली' असं मोघम लिहू नकोस. छेडछाड हा शब्दच मला आवडत नाही, त्यात थट्टेचा वास येतो. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, तो कुठे चढला, त्याने कुठे हात लावला, सगळं साध्या शब्दांत लिही. लिहिताना लाज वाटेल, तरी लिही. भारतीय न्याय संहितेत हात लावण्यासाठी कलम ७४ आणि ७५ आहेत, पाठलागासाठी ७८. एकटी असताना काही झालं तर ११२ लाव.

अंधार पडायच्या आत घरी, असं वडील म्हणतील. काळजीपोटीच म्हणतील. इंग्लंडात १९७७ साली एक खुनी मोकाट होता आणि अंधार पडल्यावर बाहेर पडू नका असं पोलीस बायकांनाच सांगत होते. तेव्हा १२ नोव्हेंबरच्या रात्री लीड्ससह अनेक शहरांत बायका घोळक्याने रस्त्यावर उतरल्या. संचारबंदी लावायची तर पुरुषांना लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. वडिलांशी हे बोलायला मी येईन. तुझ्यावर सोडत नाही.

आणि सोमवारी संध्याकाळी पावणेसहाला मी स्टँडवर येते. क्लासच्या आणखी दोघी-तिघी त्याच गाडीने जातात ना, त्यांनाही थांबायला सांग. गाडी सुटायच्या आधी कंडक्टरशी मी बोलेन, तू शेजारी उभी राहा. वही आण.

तुझी,
बाई