लाउड, क्लाउड आणि वेल्किन

प्रश्न असा आला आहे: इंग्रजीतले ‘लाउड’ आणि ‘क्लाउड’ हे शब्द एकाच मुळातून आलेत का? ढग गडगडतात, म्हणून मोठ्या आवाजाचा शब्द ढगाला चिकटला असेल का? आणि जुन्या कवितांत भेटणारं ‘वेल्किन’ म्हणजे नेमकं काय?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. नाही. दोघांचं यमक जुळतं, गोत्र जुळत नाही.

प्राचीन इंग्रजीत ‘लाउड’चं रूप ‘ह्लूड’ होतं. पुढे तोंडचा ‘ह’ झिजून गेला. हा शब्द थेट आपल्या ‘श्रु’ धातूच्या कुळातला. संस्कृतात जिथे ‘श’ येतो, तिथे इंग्रजीत बऱ्याचदा ‘ह’ सापडतो: शत आणि हंड्रेड, श्वान आणि हाउंड. तसाच श्रुत आणि ह्लूड. म्हणजे ‘लाउड’चा मूळ अर्थ ‘ऐकू गेलेला’. त्याच घराण्यातला ग्रीक ‘क्लुटोस’ म्हणजे नावाजलेला. आपला ‘विश्रुत’ आठवावा. कल्लोळाला इंग्रजीत आणखी एक जुना शब्द आहे, ‘डिन’. त्याचं नातं संस्कृत ‘धुनि’शी, म्हणजे खळाळत, गर्जत जाणाऱ्याशी.

‘क्लाउड’ची गोष्ट मात्र भलतीकडे जाते. प्राचीन इंग्रजीत ‘क्लूड’ म्हणजे खडक, दगडांचा ढीग, टेकडी. मातीच्या ढेकळाला इंग्रजीत ‘क्लॉड’ म्हणतात, ते याचंच भावंड. चेशर आणि स्टॅफर्डशर यांच्या सीमेवर ‘बॉसली क्लाउड’ नावाची टेकडी आहे. तिच्या नावाचा ढगांशी काही संबंध नाही, तिथे जुना खडकच शिल्लक राहिलाय. तेराव्या शतकाच्या सुमारास हा शब्द आभाळातल्या ढिगांना लागला आणि तिथेच रमला. पावसाळी ढगांची रास पाहिली की तो का लागला हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग त्याआधी ढगाला काय म्हणत? ‘वोल्केन’. जर्मनमध्ये ढगाला अजून ‘वोल्के’च म्हणतात. इंग्रजीत मात्र ‘वोल्केन’चा अर्थ ढगावरून सरकत सगळ्या आकाशावर पसरला आणि शब्द झाला ‘वेल्किन’. खरी गंमत पुढे आहे. ‘स्काय’ हा मूळचा इंग्रजी शब्दच नव्हे. तो स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडमध्ये वसलेल्या लोकांच्या बोलीतला, आणि त्याचाही अर्थ होता ढग. स्वीडिश नि डॅनिशमध्ये तो अर्थ आजही आहे. चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रज कवीने ‘हाउस ऑफ फेम’ या काव्यात हे दोन्ही शब्द शेजारी ठेवलेत: वारा असा सुटला की अख्ख्या वेल्किनमध्ये एकही ‘स्काय’ उरला नाही. आजच्या इंग्रज वाचकाला हे वाचून घेरी यावी. पुढे ‘स्काय’नेही तोच रस्ता धरला, आकाश बळकावलं, आणि वेल्किन कवितेपुरतं उरलं.

मराठी माणसाला यात अवघड काही वाटू नये. संस्कृत ‘अभ्र’ म्हणजे ढग. त्याचं आपलं ‘आभाळ’. ‘आभाळ आलंय, कपडे आत घे’ म्हणतो तेव्हा आभाळ म्हणजे ढग, आणि ‘आभाळाएवढा’ म्हणतो तेव्हा आकाश. इंग्रजीने दोन शब्द खर्ची घालून जे केलं, ते आपण एका शब्दात चालवतोय.

तेव्हा प्रश्नकर्त्याला हवी असलेली ढग-आवाजाची जोडी खरी कुठे सापडते, तर ‘मेक द वेल्किन रिंग’ या प्रयोगात. अर्थ: आकाश दणाणून सोडणं. चार्ल्स वेस्लीच्या 1739 सालच्या नाताळगीताची सुरुवात होती ‘हार्क, हाउ ऑल द वेल्किन रिंग्ज’. जॉर्ज व्हाइटफील्डने 1753मध्ये ती बदलून ‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’ केली, आणि आज सगळे तेच गातात. मला विचाराल तर मूळ ओळीत जास्त दणका होता.

जाता जाता ‘लाउअर’बद्दल, कारण अनुवादात हा शब्द फार फसवतो. स्पेलिंग कधीकधी ‘खाली आणणे’ या अर्थाच्या ‘लोअर’सारखंच असतं, पण उच्चार ‘फ्लाउअर’शी जुळणारा आणि मूळ अर्थ कपाळाला आठ्या घालून बघणं. शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड द थर्ड’च्या सुरुवातीच्या स्वगतात घराण्यावर असेच ढग डोळे वटारून असतात. त्यामुळे ‘लाउअरिंग स्काय’ दिसलं की ‘खाली उतरणारं आकाश’ लिहू नका. ‘कुंद’ लिहा, ‘मळभ दाटलं’ लिहा, नाहीतर प्रसंग धमकीचा असेल तर ‘आभाळ अंगावर आल्यासारखं’ चालेल.