जास्वंदीच्या पानांच्या कडा कुरतडणारा करडा-पांढरा, आखूड सोंडेचा किडा कोणता? धान्यातला सोंडा तर नाही ना?

नाही. धान्यातल्या सोंड्याची सोंड लांब आणि बारीक असते. तुमचा किडा रुंद, बोथट सोंडेचा आहे. वर्णनावरून मायलोसेरस अनडेसिमपस्टुलेटस या जातीचा सोंड्या वाटतो. लांबी 6 ते 8.5 मिमी, अंगावर फिकट खवले आणि गडद ठिपके. हे खवले घासून निघतात, त्यामुळे जुना किडा काळपट दिसतो. फक्त रंगावरून ओळखायला जाल तर फसाल.

आधी नुकसान नीट बघा. सोंड्या पान कडेकडून खातो आणि वेड्यावाकड्या खाचा पाडतो. कातरीने कापल्यासारखे स्वच्छ अर्धगोल असतील तर ते पान कापणाऱ्या मधमाशीचं काम, तिच्या वाटेला जाऊ नका.

खरं म्हणजे पानांची फार काळजी नको, मुळं बघा. मादी मातीवरच्या पालापाचोळ्यात अंडी घालते. 3 ते 5 दिवसांत अळ्या बाहेर येतात, मातीत शिरतात आणि महिना-दोन महिने मुळं खातात. माती ओली असूनही झाड मान टाकतं. लोक मग आणखी पाणी घालतात आणि उरलीसुरली मुळंही कुजवतात. कुंडी उपडी करून मातीचा गोळा फोडा. पांढरी, वाकडी, तपकिरी डोक्याची, बिनपायाची अळी म्हणजे सोंड्या. पाय दिसले तर ती हुमणी.

पकडायला औषध लागत नाही. पहाटे झाडाखाली पांढरं कापड किंवा उलटी छत्री धरा आणि फांदी एकदाच जोरात हलवा. चाहूल लागली की किडे पाय आखडून मेल्याचं सोंग घेतात आणि खाली पडतात. लगेच साबणाच्या पाण्यात टाका, नाहीतर थोड्या वेळाने ते चालू लागतात. नवे निघत राहतात, म्हणून काही आठवडे हे नेमाने करावं लागतं. खोडाला चिकट पट्टी लावून भागत नाही, कारण याला उडता येतं.

कुंडीवरचा पाचोळा काढा. अळ्या सापडल्या तर मुळं धुऊन नव्या मातीत लावा. अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी वापरणार असाल तर संध्याकाळी, ओल्या मातीत, आणि त्याच सुमारास बुरशीनाशक देऊ नका, नाहीतर मेटारायझियमच मरेल, कारण तीही बुरशीच.

रोपवाटिकेतून आणलेलं प्रत्येक रोप पिशवीतून काढून मुळं तपासूनच लावा. मूळचा भारत-श्रीलंकेकडचा हा किडा 2000 साली फ्लोरिडात सापडला आणि तिथे आता दीडशेहून जास्त वनस्पतींवर त्याची नोंद आहे.