डायटमची नवी प्रजाती एका पेशीवरून ठरते का?

प्रश्न : भोगावती नदीतल्या दगडांवरचा तपकिरी, निसरडा थर मी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात एका टोकाला रुंद व दुसऱ्या टोकाला निमुळता असा एक डायटम दिसला. माझ्याजवळच्या पुस्तकातील एकाही चित्राशी तो जुळत नाही. ही नवी प्रजाती असेल काय? असल्यास तिची नोंद कशी करावी?
– एक निवृत्त शिक्षक, राधानगरी

उत्तर : असू शकेल, परंतु एकच पेशी पाहून तसे म्हणता येणार नाही. डायटम हे एकपेशीय शैवाल आहे. त्याची पेशी सिलिकेच्या, म्हणजे काचेसारख्या पदार्थाच्या डबीत राहते आणि या डबीचा एक अर्धा भाग दुसऱ्यावर झाकणासारखा बसतो. म्हणूनच मराठीत यांना करंडक वनस्पती असेही नाव आहे. पेशी विभागली की दोन्ही कन्यापेशी आपापला जुना अर्धा भाग झाकण म्हणून वापरतात व आतला भाग नव्याने घडवतात, त्यामुळे त्यांपैकी एक मूळ पेशीहून किंचित लहान होते. अशा रीतीने पिढ्यानपिढ्या सरासरी लांबी घटत जाते आणि लैंगिक प्रजननानंतरच ती पूर्ववत होते. लांबी घटताना बाह्यरेषाही बदलते, टोके बोथट होतात. म्हणजे आपल्याला दिसलेली पेशी एखाद्या परिचित प्रजातीचे आखूड रूपही असू शकते. या फसगतीतून एकाच डायटमला दोन नावे मिळाल्याची उदाहरणे आहेत.

म्हणून आधी नमुना स्वच्छ करावा लागतो. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तापवून सेंद्रिय भाग नाहीसा करतात (हे काम घरी नव्हे, प्रयोगशाळेतच करावे), उरलेल्या डब्या ऊर्ध्वपातित पाण्याने अनेकदा धुतात आणि विशेष राळेत बसवतात, कारण साध्या पाण्यात पारदर्शक सिलिकेवरील नक्षी नीट उठून दिसत नाही. मग हजारपट वर्धनाखाली लहानमोठ्या अनेक डब्यांची लांबी, रुंदी आणि १० मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बसणाऱ्या डबीवरील आडव्या रेघा मोजतात. आकार घटला तरी रेघांची दाटी फारशी बदलत नाही, म्हणून हे माप विशेष भरवशाचे. डबीवरील सूक्ष्म छिद्रांची ठेवण मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातच स्पष्ट होते. आपल्या वर्णनावरून हा गॉम्फोनेमा या डायटमच्या प्रजातीगटासारखा (जीनससारखा) दिसतो. त्याच्या निमुळत्या टोकाशी छिद्रांचा पट्टा असतो आणि त्यातून स्रवणाऱ्या चिकट देठाने तो दगडाला धरून राहतो. अलीकडे भारतातून वर्णन झालेल्या इंडिकोनेमा या जीनसमध्ये असा पट्टा दोन्ही टोकांना आढळला, आणि हा जीनस वेगळा मानण्याचे ते एक प्रमुख कारण ठरले.

यानंतरचे काम कंटाळवाणे, पण टाळता न येणारे आहे. डायटम-अभ्यासक एच. पी. गांधी यांनी १९५०च्या दशकात कोल्हापूर व राधानगरी परिसरातील डायटमची हाती काढलेल्या चित्रांसह वर्णने प्रसिद्ध केली होती, तेव्हा आपल्याच परिसरातली ही जुनी चित्रे प्रथम पाहावीत. त्यांत न सापडल्यास जवळच्या प्रजातींच्या मूळ नमुन्यांशी तुलना करावी. नाव अधिकृत ठरण्यासाठी वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत प्रसिद्ध व्हावे लागते (१ जानेवारी २०१२ पूर्वी लॅटिनच सक्तीचे होते), आणि ज्या नमुन्यावर नाव आधारलेले आहे तो एखाद्या संग्रहालयात जमा करावा लागतो. या कामी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील डायटम-अभ्यासकांना विचारावे.

तूर्त दातांच्या जुन्या ब्रशने त्याच दगडावरील थर पुन्हा खरवडून घ्या आणि अर्धा नमुना न धुता अल्कोहोलमध्ये ठेवा. बाटलीत ठिकाण व तारीख लिहिलेली चिठ्ठी टाकावी, मात्र ती पेन्सिलीने लिहावी. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये फुटते.