लघु मॅगेलॅनिक मेघाची खोली ताऱ्यांवरून कशी मोजतात?

लघु मॅगेलॅनिक मेघ या बटु (लहान) दीर्घिकेतील प्रत्येक सेफीड रूपविकारी ताऱ्याचे (ज्याचे तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होते अशा ताऱ्याचे) अंतर स्वतंत्रपणे काढून ते त्याच्या आकाशातील स्थानाशी जोडले, की तिची त्रिमितीय रचना उलगडते. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये याच मेघातील २५ अशा ताऱ्यांवरून दाखवले होते, की आवर्तनकाळ (तेजाच्या एका चढउताराला लागणारा वेळ) जितका मोठा तितकी ताऱ्याची तेजस्विता अधिक. म्हणून आवर्तनकाळावरून खरी तेजस्विता कळते आणि दिसणाऱ्या तेजाशी तिची तुलना केली, की (मधल्या धुळीचा परिणाम वजा करून) अंतर मिळते. ओगल (OGLE) या रूपविकारी तारे टिपणाऱ्या आकाश-सर्वेक्षणाने नोंदवलेल्या हजारो सेफीडांवरून सुमारे २ लाख प्रकाशवर्षे दूर असलेला हा मेघ आपल्या दृष्टिरेषेच्या दिशेने बराच लांबट असल्याचे दिसते. मात्र सेफीड हे तरुण तारे आहेत; आरआर लायरी प्रकारचे जुने रूपविकारी तारे त्याच मेघाचा अधिक नियमित, लंबगोलाभ आकार दाखवतात.