अमेरिकेत बायॉलॉजीत एम.एस. करताना थीसिस लिहावाच लागतो का?

नाही, बऱ्याच अमेरिकन विद्यापीठांत बायॉलॉजीचं एम.एस. थीसिस न लिहिताही पूर्ण करता येतं. तिथल्या ग्रॅज्युएट कॅटलॉगमध्ये पदवीच्या अटी लिहिलेल्याच असतात आणि त्यात सहसा थीसिस व नॉन-थीसिस असे दोन मार्ग दिसतात. दोन्हींना साधारण ३० क्रेडिट लागतात आणि ४ पैकी किमान ३ जीपीए (गुणांची सरासरी) टिकवावा लागतो. थीसिसवाल्यांचे त्यातले काही क्रेडिट संशोधनाचे असतात, बहुधा तीन प्राध्यापकांची समिती असते आणि शेवटी डिफेन्स, म्हणजे समितीपुढे थीसिसचं तोंडी समर्थन. नॉन-थीसिसमध्ये त्याऐवजी जास्तीचे कोर्स, आणि अनेक ठिकाणी एक सर्वसमावेशक परीक्षा किंवा छोटा प्रकल्प.

निवड करताना मात्र कष्टांपेक्षा पैशांचा हिशेब आधी मांडा. टीचिंग असिस्टंटशिप, म्हणजे शिकवण्याच्या कामात मदतीच्या बदल्यात फीमाफी आणि स्टायपेंड, जिथे एम.एस.ला मिळते तिथे ती बहुतेक थीसिसवाल्यांकडे जाते. नॉन-थीसिसवाले बहुधा स्वखर्चाने शिकतात. पुढे पीएच.डी. करायची असेल तर थीसिसच घ्या, कारण प्रवेशाच्या वेळी संशोधनाचा अनुभव आणि गाइडचं शिफारसपत्र बघतात. नोकरीच हवी असेल तर नॉन-थीसिस घेऊन दीड-दोन वर्षांत मोकळं होणं बरं. (एसटीईएम ओपीटीला, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीनंतर अमेरिकेत काम करण्याच्या वाढीव परवानगीला, थीसिसची अट नाही.)

एक अपवाद: काही विभागांत फक्त थीसिसचाच मार्ग असतो, त्यामुळे अर्जाची फी भरण्यापूर्वी त्या विभागाचं चालू वर्षाचं कॅटलॉग उघडून बघा.