पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडणारी स्नोमोबाईल: स्टेटर मागवण्याआधी हँडलबारखाली बघा

तुमचा प्रश्न वाचताना माझं लक्ष गाडी बंद पडण्याकडे कमी आणि आधीच्या मालकानं केलेल्या बदलांकडे जास्त गेलं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात तुम्ही जुनी स्नोमोबाईल (बर्फावर रबरी पट्ट्याच्या ट्रॅकवर पळणारी गाडी) घेतलीत, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, कार्ब्युरेटरवाली. त्या गृहस्थानं हँडलबार उंच केलाय, एअरबॉक्स (कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या हवेचा बंद डबा) काढून थेट कार्ब्युरेटरवर बसणारे उघडे पॉड फिल्टर लावलेत, सायलेन्सरचा पाइप बदललाय आणि जादा एलईडी दिवे जोडलेत. पंधरा-वीस मिनिटं गाडी झकास पळते, मग मध्येच बंद. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. तुम्ही प्लग बदललेत, कार्ब्युरेटर साफ केलेत आणि आता कुणीतरी स्टेटर, म्हणजे इंजिनवरच्या वीज तयार करणाऱ्या कॉइल, बदलायला सांगतंय.

स्टेटर मागवू नका, निदान एवढ्यात तरी. कंपनीतून गाडी आली तेव्हा ती अशी बंद पडत नसणार. म्हणून ज्या जागी नंतर कुणाचा हात फिरलाय तिथून सुरुवात करायची.

त्याआधी एक गोष्ट, कारण ती चुकली तर इंजिनच जाईल. गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू हे लक्षण पिस्टन धरल्याचंही असतं. पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरला घासून अडकतो आणि थंड झाला की सुटतो. पुढच्या वेळी बंद पडली की लगेच किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) दाबून स्टार्टरची दोरी हळूच ओढून बघा. नेहमीपेक्षा जड लागली किंवा अडकली तर गाडी ढकलत घरी न्या, पुन्हा चालवू नका. सायलेन्सरचा पाइप काढून एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्चनं पिस्टनची कड बघा, उभे ओरखडे दिसतील. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशनही मोजा. दोघांत 10 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर मला तरी झोप लागणार नाही.

ही शंका उगाच घेत नाहीये. उघड्या फिल्टरमधून हवा जास्त जाते, पाइप बदलला की हिशेब आणखी बदलतो, आणि मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं माप ठरवणारं भोक) जुनाच राहिला तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. त्यात थंडीची भर. 0 अंशाच्या तुलनेत उणे 25 अंशांना हवा साधारण 10 टक्के दाट असते. म्हणजे नोव्हेंबरात ठीक चाललेला जेट जानेवारीत पिस्टन भाजू शकतो. थ्रॉटलच्या खटक्यावरचा अंगठा सोडल्यावर रेस लगेच खाली न येता वर रेंगाळत असेल तर मिश्रण पातळ आहे किंवा कार्ब्युरेटर इंजिनला जोडणाऱ्या रबरी बुटातून इंजिन हवा ओढतंय, असं धरून चाला.

दोरी नेहमीसारखी हलकी लागली, तर मग बंद पडते कशी ते आठवा. चावी फिरवल्यासारखी एका क्षणात, की आधी दम तोडत, रेस खाली जात? पहिलं असेल तर बहुधा करंट जातोय, दुसरं असेल तर पेट्रोल किंवा हवा. तुम्ही नुसतं ‘बंद पडते’ लिहिलंय, आणि अर्धं उत्तर तिथेच अडलंय.

करंट जात असेल तर माझा पहिला संशय स्टेटरवर नाही, उंच केलेल्या हँडलबारवर आहे. जुन्या पोलारिस आणि आर्क्टिक कॅटच्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांत थ्रॉटलच्या खटक्यातच एक सुरक्षा स्विच असतो. बर्फ धरून कार्ब्युरेटरची स्लाइड (हवेची वाट उघडणारा सरकता तुकडा) वर अडकली, तर अंगठा सोडल्यावर केबल ढिली पडते. ती ढिली पडल्याचं ओळखून हा स्विच इंजिन बंद करतो. सोय चांगलीच आहे, पण हँडलबार उंच केला, केबल मात्र जुनीच ठेवली किंवा वेगळ्या वाटेनं ओढून नेली, तर हँडल एका बाजूला वळवल्यावर केबलचा ताण बदलतो आणि स्विचला वाटतं स्लाइड अडकली. गाडी स्टँडवर घ्या, ट्रॅक जमिनीपासून वर असू द्या, इंजिन चालू ठेवून हँडल हळूहळू दोन्ही टोकांना फिरवा. रेस बदलली किंवा इंजिन गपकन बंद झालं तर शोध तिथेच संपला. हे उघड्यावर करा. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो. आणि ट्रॅक फिरत असताना मागे कुणाला उभं करू नका.

त्याच जागी वायरिंगही ताणलं जातं. वायर वरून धडधाकट दिसते आणि आतून तांबं तुटलेलं असतं. किंवा किल स्विचची वायर स्टीअरिंगच्या दांड्याला घासून सोललेली असते. ज्या गाड्यांत किल स्विच करंट अर्थ करून इंजिन बंद करतो, तिथे ती सोललेली वायर चेसिसला टेकली की काम झालं. एलईडी दिव्यांचं कनेक्शन कुठून घेतलंय तेही बघा. असले दिवे बहुतेक वेळा हाताला लागेल त्या वायरवर टेप गुंडाळून जोडलेले असतात. ते पूर्ण काढून मूळ वायरिंगवर एक फेरी मारा. सुरक्षा स्विचचा कनेक्टर काढून बघण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. काही गाड्यांत कनेक्टर काढला की स्विच बाद होतो, काहींत उलट करंटच जातो, म्हणून आधी सर्व्हिस मॅन्युअल बघा. चाचणी झाली की तो परत जोडा. अडकलेल्या थ्रॉटलची गाडी झाडात घालण्यापेक्षा बंद पडणारी परवडली.

आता दम तोडत बंद पडत असेल तर. प्लगला हात लावण्याआधी टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. आत हवा शिरल्याचा ‘फुस्स’ आवाज आला तर टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत येण्याची वाट, बंद आहे. पेट्रोल संपतं तसा आत निर्वात साठतो आणि क्रँककेसमधल्या दाबाच्या धक्क्यांवर चालणारा पेट्रोलचा डायफ्रॅम पंप हरतो. थोडा वेळ थांबलं की कुठून तरी हवा झिरपते आणि गाडी सुरू होते. तुमच्या लक्षणाशी हे तंतोतंत जुळतं. व्हेंटची नळी बऱ्याच गाड्यांत वर, हँडलच्या दांड्याजवळ नेलेली असते. हँडलबार उंच करताना आवळलेल्या एखाद्या झिप-टायखाली ती चिमटलीय का, तोंडाशी बर्फ आहे का, हे बघायला दोन मिनिटं पुरतात. म्हणूनच मी शीर्षकात हँडलबारखाली बघा म्हटलं: केबल, वायर आणि व्हेंट तिन्ही तिथून जातात.

व्हेंट मोकळा असेल तर पॉड फिल्टरकडे या. पुण्या-कोल्हापुरात आरएक्स 100 वर हात बसलेल्या माणसाला इथवरचं बरंचसं ओळखीचं वाटेल, पण हा भाग नवा आहे. एअरबॉक्स फक्त हवा गाळत नाही, उडणारा बर्फाचा भुगाही बाहेर ठेवतो. तो काढला की भुगा थेट फिल्टरवर बसतो, इंजिनच्या उष्णतेनं वितळतो, पुन्हा गोठतो आणि फिल्टरची वाट बंद होते. मग प्लग काळा, ओला निघतो. शिवाय 0 अंशाच्या आसपास, दमट हवेत, कार्ब्युरेटरच्या घशात बर्फ धरतो, कारण पेट्रोलची वाफ होताना आतलं तापमान आणखी खाली जातं. कडाक्याच्या कोरड्या थंडीपेक्षा हा त्रास अशा मऊ दिवसांत जास्त होतो. गाडी बंद पडली की खालची गरमी वर येते, बर्फ वितळतो आणि पुरावा नाहीसा होतो. ज्या कार्ब्युरेटरना कूलंटच्या नळ्यांनी गरम ठेवण्याची सोय असते, तिथे कुणीतरी त्या नळ्या काढून टाकल्यात का तेही तपासा. माझं मत विचाराल तर पॉड फिल्टर काढा आणि जुना एअरबॉक्स कुठे मिळतो ते शोधा. पॉड फिल्टरच्या त्या आवाजाशिवाय त्यांतून फारसं काही हाती लागत नाही.

टाकीत पाणी असलं तर ते पेट्रोलच्या फिल्टरमध्ये गोठून वाट बंद करतं आणि गाडी अशीच दम तोडते. तुमच्या राज्यात बिनइथेनॉलचं पेट्रोल स्नोमोबाईलसाठी पंपावर मिळतं, तेच भरा.

गाडी फक्त थांबतानाच बंद पडत असेल तर हे सगळं सोडा आणि बेल्ट बघा. कायनेटिक होंडासारखीच बेल्ट-पुलीची रचना आहे. बेल्ट फार ताठ असला तर क्लच सुटत नाही आणि आयडलिंगवर इंजिन गुदमरतं.

स्टेटर या सगळ्यानंतर. त्याच्या कॉइलची तार तापल्यावर तुटते आणि थंड झाल्यावर जुळते, हे खरं आहे. पण ते सिद्ध करायला गाडी बंद पडलेल्या क्षणी मल्टिमीटर हवा. गार गाडीवर घरी घेतलेलं रीडिंग काहीच सांगणार नाही. एक जादा प्लग खिशात ठेवा. बंद पडल्यावर कॅप काढून ती या प्लगवर बसवा, प्लग सिलिंडर हेडला टेकवा आणि दोरी ओढा. सिलिंडरमधला प्लग काढू नका, नाहीतर भोकातून येणारी वाफ पेटेल. ठिणगी नसेल, आणि तुमच्या गाडीत किल स्विच करंट अर्थ करून इंजिन बंद करत असेल, तर त्याची वायर वेगळी करून पुन्हा बघा. तरीही नसेल, तर तिथेच कॉइलचा रेझिस्टन्स मोजून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा.

हे सगळं घराजवळ करा, तळ्याच्या मधोमध नको. झाल्यावर इथे कळवा: दोरी जड होती का, झाकण उघडताना आवाज आला का, ठिणगी होती का, आणि मेन जेटवर कोणता आकडा कोरलाय. त्यानंतर जेटिंगचं सांगता येईल.